ठशांच्या कारखान्यातील चित्रकार

वर्तमानपत्रात छापलेले एखादे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिले, तर मोठी गंमत दिसते. नुसत्या डोळ्यांना जो चेहरा, जे झाड किंवा जी इमारत दिसत होती, ती नाहीशी होते आणि तिच्या जागी उरतात केवळ ठिपके! छाया दाट असेल तेथे ठिपके मोठे व एकमेकांना चिकटलेले. उजेड असेल तेथे ते बारीक व विरळ. काळ्या शाईला करडा रंग उमटविता येत नाही. तिला दोनच गोष्टी ठाऊक, काळी शाई आणि कोरा कागद. म्हणून चित्राचे ठिपके करायचे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला फसवायचे, ही छापखान्याची जुनी युक्ती आहे.

आज हे काम संगणक क्षणार्धात करतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र त्यासाठी स्वतंत्र कारखाने असत. तेथे मोठ्या कॅमेऱ्याने बारीक जाळीच्या काचेतून चित्राचे छायाचित्र घेत आणि ते लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर उतरवीत. मग तो पत्रा आम्लात ठेवीत. लेपाखालचा भाग वाचे आणि उघडा भाग आम्ल खाऊन टाकी. जो उठाव उरे, तो लाकडी ठोकळ्यावर बसविला की ठसा तयार झाला. त्याला छापखान्यात 'ब्लॉक' म्हणत. अशा कारखान्यांत आराखडे करणारे चित्रकारही लागत. साबणाची जाहिरात, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, दुकानाच्या नावाची वळणदार अक्षरे, पुस्तकाची चौकट असे सर्व काही गिऱ्हाईक सांगेल त्या मापात आणि सांगेल त्या दिवशी त्यांनी काढून द्यावयाचे असे.

इ. स. १९४३ मध्ये मुंबईच्या 'एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ' या अशाच एका कारखान्यात एकवीस वर्षांचा एक तरुण आराखडे काढण्याच्या कामावर लागला. त्याचे नाव सय्यद हैदर रझा. पुढे भारतातील श्रेष्ठ चित्रकारांत ज्यांची गणना झाली, तेच हे रझा होत.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. हा भाग आज मध्य प्रदेशात आहे. त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड असा एकच प्रांत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. रझांचे वडील वनखात्यात अधिकारी होते. त्यामुळे मुलांचे बालपण जंगलाच्या कुशीत गेले. नर्मदेच्या आसमंतातील ते घनदाट अरण्य दिवसा जितके सुंदर, तितकेच रात्री भयानक. सूर्य मावळला की सर्वत्र काळोख पसरे आणि श्वापदांचे आवाज ऐकू येत. या काळोखाची भीती आणि उगवत्या सूर्याचा आनंद या दोन्ही गोष्टी रझांच्या मनात जन्मभर राहिल्या.

लहानपणी त्यांचे लक्ष अभ्यासात स्थिर होत नसे. ककैया येथील शाळेत नंदलाल झारिया नावाचे गुरुजी होते. या चंचल मुलाचे मन ताळ्यावर आणण्यासाठी त्यांनी एके दिवशी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडेच पाहत राहावयास सांगितले. शिक्षा म्हणावी तर ती शिक्षा नव्हती आणि धडा म्हणावा तर पुस्तकात असा धडा नव्हता. परंतु त्या ठिपक्याकडे पाहता पाहता मुलाचे मन शांत झाले. ही गोष्ट रझा म्हातारपणीही सांगत असत.

दमोह येथील माध्यमिक शिक्षण संपल्यावर ते नागपूरला आले. १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. येथे त्यांच्या हाताला वळण लागले. पुढील शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घ्यावे, ही त्या काळच्या प्रत्येक होतकरू चित्रकाराची आकांक्षा असे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची कीर्ती देशभर पसरली होती. रझांना तेथे शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु मुंबईस पोहोचण्यास त्यांना उशीर झाला. प्रवेशाची मुदत संपली होती. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली!

अशा वेळी बहुतेक जण काय करतील? परतीचे तिकीट काढतील. मध्य प्रांतात परतून एखाद्या शाळेत चित्रकला शिकवावी आणि निश्चित पगार घ्यावा, हा मार्ग सुरक्षित होता व त्यात कमीपणाही नव्हता. मुंबईत रझांना ना घर होते, ना आप्त. शिवाय दुसरे महायुद्ध चालू होते आणि महागाईने लोक त्रस्त झाले होते. तरीही रझा मुंबईतच राहिले. पोटासाठी त्यांनी ठशांच्या कारखान्यातील नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात चित्रे काढावयाची, असा क्रम सुरू केला.

या नोकरीची हेटाळणी करणे सोपे आहे. जाहिरातीची चित्रे ती काय, असे म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते व आजही आहेत. वास्तविक अशा कामात हाताला जी शिस्त लागते, ती सहजासहजी अन्यत्र लागत नाही. ठशासाठी काढलेली रेषा स्पष्ट असावी लागते, नाहीतर आम्लात ती विरघळून जाते. जागा बोटभर असेल, तर बोटभर जागेत आशय बसवावा लागतो. मुदत चुकवून चालत नाही. परंतु या कामात एक मोठी उणीवही असते. चित्रात काय असावे, हे चित्रकार ठरवीत नाही. ते गिऱ्हाईक ठरविते. वर्षानुवर्षे दुसऱ्याने ठरविलेलेच काढीत राहिले की आपल्याला स्वतःला काय दिसते, हे पाहण्याची सवयच मोडते. कित्येक कुशल हात असे कारखान्यांतच झिजून गेले. त्यांची नावेही आज कोणास ठाऊक नाहीत.

रझांनी ही सवय मोडू दिली नाही. त्यांच्यासमोर मुंबई शहर पसरले होते. त्यांनी तेच आपल्या चित्रांचा विषय केले. फोर्टमधील दगडी इमारती, उतरती छपरे, ट्रामचे रस्ते, छत्र्या घेऊन चाललेली माणसे आणि या सर्वांवर कोसळणारा पाऊस ते रंगवू लागले. फ्लोरा फाउंटनचा परिसर त्यांनी पावसाळ्यात रंगविला आहे. ओल्या रस्त्यावर पडलेली प्रतिबिंबे, धूसर झालेले मनोरे आणि मधूनच चमकणारा एखादा पिवळा किंवा तांबडा ठिपका यांमुळे त्या काळची त्यांची चित्रे आजही ताजी वाटतात.

उघड्यावर चित्र काढणे म्हणजे काय, हे येथे थोडे समजावून घेतले पाहिजे. खोलीत फुलदाणी मांडून चित्र काढताना उजेड बराच वेळ सारखा राहतो. बाहेर तसे नसते. सूर्य थांबत नाही. तासाभरात सावल्या सरकतात. ढग आला की सारे दृश्य पालटते आणि ज्या रंगाने सुरुवात केली तो रंग समोर राहतच नाही. उन्हाळ्यात जलरंग कुंचला टेकविताच वाळतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. भोवती बघे जमतात, ते वेगळेच. म्हणून बाहेर बसणाऱ्या चित्रकाराला पहिल्या काही क्षणांतच ठरवावे लागते, की समोरच्या हजार वस्तूंपैकी कोणत्या घ्यावयाच्या आणि कोणत्या सोडावयाच्या. हा निर्णय त्याच्या वतीने कोणी गिऱ्हाईक करीत नाही. आणखी एक अडचण अशी की ठशाच्या आराखड्यात प्रत्येक वस्तूला काळी, स्वच्छ बाह्यरेषा असते. निसर्गात अशी रेषा कोठेच नसते! झाड संपते आणि आकाश सुरू होते ती जागा डोळ्यांत तेल घालून पाहिली, तरी रेषा दिसत नाही. तेथे एका रंगाला दुसरा रंग भिडलेला असतो, एवढेच. कारखान्यातून बाहेर येऊन निसर्गचित्रे काढू पाहणाऱ्याला हाताची ही जुनी सवय सोडावी लागते.

चित्रकारांनी बाहेर बसून चित्रे पुरी करण्याची प्रथा फारशी जुनी नाही. पूर्वी रंग घोटून ते जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. पिशवी फुटे, रंग सुके. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीत रंग भरण्याची युक्ती काढली आणि चित्रकाराला रंग खिशात घालून रानात जाणे शक्य झाले. फ्रान्समधील मोने, रेन्वार आदी चित्रकारांनी या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला. यांपैकी रेन्वारची हकिकत रझांच्या हकिकतीशी जुळते. गरीब शिंप्याचा हा मुलगा तेराव्या वर्षी चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात लागला आणि पेल्या-बशांवर फुले रंगवून त्याने पैसे मिळविले. महाराष्ट्रात कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठची निसर्गचित्रे मोठ्या तन्मयतेने रंगविली. ते १९३१ मध्ये निवर्तले. निसर्गचित्रांची ही परंपरा मुंबईच्या कलाशाळेतही चांगली रुजली होती.

रझांना पुढे त्या कलाशाळेत प्रवेश मिळाला आणि तेथील शिक्षण त्यांनी पूर्ण केले. दरम्यान त्यांच्या चित्रांकडे काही जाणकारांचे लक्ष गेले होते. हिटलरच्या जुलमामुळे युरोप सोडून मुंबईस आलेले तिघे गृहस्थ यात प्रमुख होते. वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियाचे चित्रकार 'टाइम्स ऑफ इंडिया'त कला-संचालक होते. रविवारी त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत आणि आपली चित्रे दाखवून चर्चा करीत. रूडी फॉन लायडन हे वर्तमानपत्रांतून कलेवर लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंजर हे चित्रांचे संग्राहक होते. होतकरूंची चित्रे विकत घेऊन ते त्यांना धीर देत. विशेष असे, की लँगहॅमर व लायडन या दोघांचाही जाहिरातीच्या चित्रकलेशी जवळचा संबंध होता. तेव्हा बाजारासाठी चित्रे काढणारे एका बाजूला आणि खरे कलावंत दुसऱ्या बाजूला, अशी भिंत मुंबईत तरी नव्हती.

१९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात रझांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याच वर्षी सोसायटीचे रौप्यपदक त्यांना मिळाले आणि १९४८ मध्ये सुवर्णपदकही मिळाले. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, विदर्भातले हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे यांच्याबरोबर त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. यांपैकी हुसेन यांनी चित्रपटांचे भव्य फलक रंगविले होते आणि आरा मोटारी धुण्याचे काम करीत असत. पोटासाठी पडेल ते काम करून कला जपणारी ही मंडळी होती.

हीच वर्षे रझांच्या घरावर आघात करणारी ठरली. १९४७ मध्ये आई व १९४८ मध्ये वडील वारले. देशाची फाळणी झाली आणि त्यांचे भाऊबंद पाकिस्तानात निघून गेले. रझा मात्र गेले नाहीत. भारत हा आपला देश आहे, असे ते म्हणत. लहानपणी मंडल्यास त्यांनी महात्मा गांधींना पाहिले होते. त्या दर्शनाची आठवणही त्यांना येथून हलू देत नव्हती.

१९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. आदल्या वर्षी झालेल्या आक्रमणाच्या खुणा तेथे ताज्या होत्या. डोंगर, चिनार आणि झेलम यांच्या जोडीला बारामुल्ला गावाची झालेली राखरांगोळीही त्यांनी रंगविली. निसर्गचित्रकार म्हटला की त्याने रम्य देखावेच काढावे, अशी समजूत असते. उद्ध्वस्त झालेले गावही डोळ्यांपुढेच असते आणि तेही पाहावे लागते.

श्रीनगरात त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्यांनी रझांची चित्रे काळजीपूर्वक पाहिली. ते म्हणाले की तुमच्यात गुण आहेत, पण तुमच्या चित्रांत बांधणी नाही. घर बांधताना आधी पाया, मग भिंती, मग छप्पर असा क्रम असतो, तसेच चित्रही बांधावे लागते. तुम्ही सेझानची चित्रे अभ्यासा.

दोन पदकांचा मानकरी असलेल्या तरुणाला हे शब्द सहज झोंबले असते. ज्याने कारखान्यात मापे घेऊन आराखडे केले, त्याच्याच चित्रांत बांधणी नाही, ही टीका तर अधिकच लागावयाची! परंतु तीत तथ्य होते. जाहिरातीच्या आराखड्यात जागेची मांडणी असते. ती चौकट दुसऱ्याने आखून दिलेली असते. निसर्गचित्राची बांधणी निराळी. ती दृश्यातूनच शोधून काढावी लागते. मुंबईच्या पावसातील रझांचे रंग मनोहर होते खरे, पण ते रंग एकमेकांत वाहून जात होते. त्या रंगांना आतून धरून ठेवणारा सांगाडा अजून सापडला नव्हता.

पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने हाच सांगाडा शोधण्यात आयुष्य वेचले होते. आपल्या गावाजवळचा एकच डोंगर त्याने अनेक वर्षे पुनःपुन्हा रंगविला. दरवेळी तो डोंगर त्याला नवा वाटे. १९०६ च्या ऑक्टोबरात उघड्यावर चित्र काढीत असता तो वादळी पावसात सापडला आणि त्या आजारातच काही दिवसांनी मरण पावला.

काश्मीरहून परतल्यावर रझांनी मुंबईतच फ्रेंच भाषा शिकावयास प्रारंभ केला. सेझानची मूळ चित्रे पाहावयाची, तर फ्रान्सला गेले पाहिजे आणि फ्रान्सला जावयाचे, तर त्यांची भाषा आली पाहिजे, असा हा सरळ हिशेब होता. यथाकाल फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. यावेळी मात्र उशीर झाला नाही! १९५० च्या ऑक्टोबरात ते फ्रान्सला गेले आणि पॅरिसच्या राष्ट्रीय कलाविद्यालयात १९५३ पर्यंत शिकले.

तेथे त्यांच्या निसर्गचित्रांचे रूप पार पालटले. १९५१ सालचे 'ओ द कान्य' हे त्यांचे चित्र पाहावे. फ्रान्सच्या दक्षिणेस टेकडीवर वसलेल्या गावाचे ते चित्र आहे. मुंबईचा पाऊस नाही, गर्दी नाही. माणूस तर एकही नाही. घरांचे चौकोन आणि छपरांचे त्रिकोण एकमेकांना घट्ट बिलगून उभे आहेत. प्रत्येक भिंत मोजून बांधल्यासारखी वाटते. या चित्रांत कारखान्यातील आराखडे काढणाऱ्याचा रेखीव हात पुन्हा दिसू लागतो, पण आता तो कोणा गिऱ्हाइकाच्या मापाला बांधलेला नाही. पुढे ते तैलरंगांत काम करू लागले आणि गावांची छपरे, चर्चचे मनोरे, रात्रीचे आकाश यांनी त्यांचे फलक भरून गेले. १९५६ मध्ये फ्रान्समधील समीक्षकांचा 'प्री द ला क्रितीक' हा प्रतिष्ठित पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिलेच परदेशी चित्रकार होत.

१९५९ मध्ये त्यांनी जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह केला. फ्रान्समध्ये ते जवळजवळ साठ वर्षे राहिले. गोर्बियो नावाच्या डोंगराळ खेड्यात त्यांचे घर होते. परंतु समोर फ्रान्सचे डोंगर असता त्यांच्या चित्रांत हळूहळू मंडल्याचे अरण्य उतरू लागले. घरे व झाडे ओळखू येईनाशी झाली. तांबडी माती, काळी रात्र आणि उन्हाचा पिवळा लोट, एवढेच उरले. आता बाहेर बसून चित्र काढण्याची गरज नव्हती, कारण ते दृश्य त्यांच्या मनात होते. १९८० च्या सुमारास तर त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी एक मोठा काळा गोल दिसू लागला. त्याला त्यांनी 'बिंदू' म्हटले. नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका तो हाच, असे ते स्वतः सांगत. ठशांच्या कारखान्यातील ठिपक्यांशीही त्याचे नाते जोडण्याचा मोह एखाद्यास होईल. रझांनी मात्र श्रेय दिले ते गुरुजींना.

भारत सरकारने त्यांना १९८१ मध्ये पद्मश्री, २००७ मध्ये पद्मभूषण आणि २०१३ मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले. त्यांच्या 'सौराष्ट्र' या भव्य चित्राला २०१० साली लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी ते कायमचे भारतात परतले आणि दिल्लीस राहू लागले. नव्वदी उलटली, तरी दररोज चित्रशाळेत बसण्याचा त्यांचा नेम चालू होता. २३ जुलै २०१६ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीहून मंडल्यास नेण्यात आला आणि वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. त्या दिवसांत पावसाळा होता. मंडल्याला नर्मदेने तीन बाजूंनी वेढले आहे.